ढिगावरची रोपे आणि त्यांच्याखालची माती

पहिला पाऊस जिरतो न जिरतो तोच आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसाखाणींच्या ढिगाऱ्यांवर खड्डे खणले जातात, मंडप पडतात आणि रोपांचे आकडे जाहीर होतात. या आठवड्यात अशाच एका समारंभाचे वृत्त वाचले. त्यात रोपांची संख्या ठळक होती. पण ती रोपे कोणत्या मातीत उभी राहणार, खाण खोदताना वरचा सुपीक थर निराळा काढून जपला होता की दगडाखाली गाडला गेला, याविषयी एक अक्षरही नव्हते, आणि या स्तंभाच्या नित्य वाचकांस माझा संताप अनपेक्षित वाटणार नाही.

मोहर्लीच्या वाटेने ताडोब्यास जाणाऱ्या प्रत्येकाने दुर्गापूर-पद्मापूरचे ढिगारे पाहिलेले आहेत. भूगर्भातून उपसलेल्या त्या मुरूम-दगडात ना नत्र, ना ओल धरणारा सेंद्रिय अंश. तेथे सुबाभूळ तेवढी तग धरते, विलायती बाभूळ आपण होऊन शिरते, आणि कागदोपत्री ढीग हिरवा होतो. त्या झुडपांच्या जाळीत चितळाला चरण्याजोगे गवत उगवत नाही, मात्र रानडुकरास आणि त्याच्यामागून येणाऱ्या वाघ-बिबट्यास वस्तीलगत दडण्यास जागा मिळते. फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात आणि दुर्गापुरात माणसांचे बळी लागोपाठ गेले, तेव्हा सर्वांचे लक्ष या झुडपांकडे वळले. सुबाभळीवर माझा राग जुना आहे, आणि त्या बळींचा काही दोष मी तिच्या पदरी घालतो. पुरावा मागितल्यास माझ्यापाशी केवळ पाहिलेल्या ढिगांची साक्ष आहे.

अमेरिकेने 1977 साली उघड्या कोळसाखाणींसाठी जो कायदा केला, त्याच्याशी आपला कारभार ताडून पाहावा. तेथे खाणमालकाची अनामत सरकारकडे असते, आणि जमीन पूर्ववत आकारास आणल्यावर तिचा काही भाग सुटला, तरी उरलेली रक्कम शेवटची पेरणी, खत आणि पाणी थांबल्यानंतर पाच वर्षे, आणि 26 इंच किंवा त्याहून कमी पावसाच्या मुलखात दहा वर्षे, अडकून राहते. त्या मुदतीअखेर जमिनीवरील वनस्पतींचे आच्छादन ठरवून दिलेल्या प्रमाणाच्या किमान 90 टक्के भरावे लागते. तेथेही चूक झाली: ॲपलेशियाच्या डोंगरांत, जेथे मूळचे घनदाट अरण्य होते, तेथे कायद्याच्या कसोटीस चटकन उतरणारे परदेशी गवत पेरले गेले आणि अवजड यंत्रांनी माती इतकी दाबली गेली की झाडांची मुळे खाली उतरेनात. परंतु कसोटी जमिनीवर उगवलेल्या जीवनाची होती, म्हणून तिचा दोष उघड्यावर दिसला, आणि 2004 पासून माती सैल ठेवून देशी वृक्ष लावण्याचा उपक्रम तेथे सुरू झाला.

आपल्याकडे 2009 पासून खाणबंदीच्या आराखड्यासाठी रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, आणि दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचा काही भाग परत मिळू शकतो. तपासणीत काम झाले काय हे पाहतात. जगले काय, हा प्रश्न मला त्यात दुय्यम वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी तर खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवले पाहिजे, जेणेकरून चारा, वनस्पती आणि प्राणी तेथे नांदू शकतील, अशी अट घालण्याचा हुकूम दिला. त्या हुकमाने गवताला खाणीच्या कागदात मानाचे स्थान मिळाले, आणि आम्ही मात्र अजून रोपेच मोजतो आहोत!

हे अशक्य आहे म्हणावे, तर नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगावर साखर कारखान्यांचे प्रेसमड आणि मुळांना पोसणारे सूक्ष्मजीव घालून वनराई उभी केली आहे. पहिले काम मातीचे, झाडांचे त्यानंतर, हे विदर्भातच सिद्ध झालेले आहे.

म्हणून माझे मागणे एवढेच, की अनामतीचा अखेरचा हप्ता, ढिगावरील मारवेल, कुसळ आणि बांबूची वाढ शेजारच्या मूळ जंगलाच्या तुकड्याशी वनखात्याने स्वतः ताडून पाहिल्याखेरीज कोणासही सोडू नये, आणि ती पाहणी जुलैत न करता, लावणीनंतरचे पाच पावसाळे सरल्यावर, मे महिन्याच्या उन्हात करावी, कारण मुळांनी माती धरली आहे की नाही हे तेव्हाच कळते.