मनोऱ्याला जिना हवा : अंगणवाडीच्या ताईंच्या निमित्ताने

1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यातील प्राथमिक शिक्षणाच्या मागणीचा उल्लेख आपण नेहमी करतो. त्याच निवेदनात जोतीरावांनी शिक्षकाच्या पगाराचा आकडाही मांडला होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा 12 रुपयांहून कमी वेतन असू नये, मोठ्या गावांत ते 15 ते 20 रुपये असावे, असे त्यांचे म्हणणे होते. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल सांभाळणे अशी कामेही शिक्षकाकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचा दर्जा सुधारेल. ज्याचे अधिक विद्यार्थी उत्तीर्ण होतील त्याला उत्तेजनार्थ जास्तीचे द्यावे, असेही त्यांनी सुचवले होते. प्रशिक्षण, वेतन, गावातला दर्जा आणि चांगल्या कामाचे चीज, या चारही गोष्टींचा विचार जोतीरावांनी एकत्र केला होता. शिक्षक उपाशी ठेवून शिक्षण पोटभर मिळत नाही, हे त्यांना पुरते उमगले होते.

या गोष्टीला आता 140 हून अधिक वर्षे लोटली. प्राथमिक शिक्षकाला वेतनश्रेणी मिळाली, सेवाशर्ती मिळाल्या, निवड व पदोन्नतीचे नियम मिळाले. पण पहिलीच्या वर्गात येण्यापूर्वी जी व्यक्ती मुलाला हात धरून बसायला, बोलायला, ऐकायला, चार मुलांत मिसळायला शिकवते, तिच्या वाट्याला जोतीरावांनी मागितलेल्या चार गोष्टींपैकी किती आल्या? स्मरणिकेच्या या पानांवर आम्ही हाच प्रश्न वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत अंगणवाडीचा विषय कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या वर्गातच आहे. वसतिगृहात दाखल होणारे मूल आमच्याकडे कोरी पाटी घेऊन येत नाही. ज्याच्याशी लहानपणी कुणी भरपूर बोलले, ज्याला चित्रांच्या पुस्तकाची पाने उलटू दिली, ज्याचे वजन वेळेवर पाहिले गेले, ते मूल आणि यांतले काहीच न मिळालेले मूल एकाच बाकावर बसते. पण दोघांची सुरुवात एकाच रेषेवरून होत नाही. माध्यमिक शाळेतला शिक्षक ही तफावत भरून काढण्यासाठी जिवाचे रान करतो. ती तफावत पडली मात्र तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी. तेव्हा त्या मुलाजवळ कोण होते आणि समाजाने तिला काय दिले होते, हे पाहिल्यावाचून आमच्या कामाचाही हिशेब पुरा होत नाही.

संविधानाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. मूळ अनुच्छेद 45 मध्ये 14 वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा निर्देश होता. वयाची वरची मर्यादा होती, खालची नव्हती. 23 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ही तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती आखडून घेण्याची सूचना आली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. 14 वर्षांखालील मुलाला कामाला जुंपण्यास संविधान मनाई करते. मग त्या वयापर्यंत त्याची जागा शाळेतच असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयाला मूलभूत हक्क मिळाला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु सहा वर्षांखालील मूल मात्र अनुच्छेद 45 मध्ये, राज्याने 'प्रयत्न करावा' एवढ्या शब्दांवर मागे राहिले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम 11 देखील शासन अशी व्यवस्था 'करू शकेल' एवढेच म्हणते. मुलाचा हक्क जिथे पक्का नाही, तिथे त्याला सांभाळणाऱ्या बाईची नोकरी तरी कशी पक्की असणार?

'अंगणवाडी' या कल्पनेची मुळे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी 1945 साली ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरमध्ये, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढले. वाड्या-वस्त्यांतली मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, असा हा विचार. ताराबाई आणि अनुताई यांनी बालसेविका घडवण्याचे कामही तितक्याच निष्ठेने केले. दगड, शिंपले, पाने, बिया यांतून शिकवण्याचे साहित्य कसे करावे, मुलाचे निरीक्षण कसे करावे, हे शास्त्र म्हणून शिकवावे लागते, केवळ मायेने ते येत नाही, ही त्यांची धारणा होती.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हे नाव सरकारदरबारी गेले. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवांचा भार ज्या बाईवर टाकला, तिला कर्मचारी म्हटले गेले नाही. तिला 'मानसेवी' ठरवले. आरंभी मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना 150 रुपये, न झालेलीला 100 रुपये मिळत. आज केंद्राच्या दराने सेविकेचे मानधन 4,500 रुपये आहे. तो दर ऑक्टोबर 2018 पासूनचा. राज्य त्यात आपली भर घालते. महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस 4 डिसेंबर 2023 पासून दीड महिन्याहून अधिक काळ संपावर होत्या. त्यानंतरच्या वर्षात मानधन वाढले, हे खरे. तरीही त्याचे नाव मानधनच राहिले. ते वेतन झाले नाही.

शब्दांचा हा खेळ साधा नाही. दिवाळीला इतर कामगारांना बोनस मिळतो. आमच्या राज्यात अंगणवाडीच्या ताईला 'भाऊबीज भेट' मिळते. शासन मालक न राहता भाऊ होते. भावाकडे बहीण हक्काने मागते, पण भावावर दावा लावत नाही. सेवा, माया, मातृत्व असे गोड शब्द वापरून कष्टाचे मोल कमी करण्याची रीत आमच्या समाजाला नवी नाही. पिढ्यान् पिढ्या आमच्या पूर्वजांकडून अशीच कामे 'धर्म' म्हणून करून घेतली गेली आणि बदल्यात बलुत्याचे शिळे तुकडे दिले गेले. बाबासाहेबांनी याउलट वाट दाखवली. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मातृत्वाचा भार एकट्या बाईवर न टाकता तो मालकाने व शासनाने उचलावा, अशी भूमिका घेतली. मातृत्वाचा गौरव करायचा तर त्याची किंमत चुकती करा, हा त्याचा अर्थ आहे.

न्यायालयांनीही हळूहळू दृष्टी बदलली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका शासकीय पदधारक नाहीत, असे म्हटले होते. 25 एप्रिल 2022 रोजी त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना 1972 च्या उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला. अन्नसुरक्षा कायद्याने आणि शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 11 ने नेमून दिलेली कामे अंगणवाडीत होतात, याची दखल त्या निकालात आहे. काम कायद्याचे, मग काम करणारी कायद्याबाहेर कशी, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

पण आमच्या मते केवळ मानधनाच्या आकड्यावर हा विषय संपत नाही. खरा प्रश्न जिन्याचा आहे. 1920 साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्याने ज्या मजल्यावर जन्मावे, त्याने तिथेच मरावे. बालसंगोपनाचे क्षेत्र आज असेच दिसते. खाली मदतनीस, तिच्यावर सेविका, तिच्यावर मुख्यसेविका, मग प्रकल्प अधिकारी. तिशीत रुजू झालेली ताई साठीत पोचते, तरी बहुधा त्याच पायरीवर. तिने तीस वर्षांत किती मुलांना बोलते केले, याची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात नसते.

जुहूसारख्या उपनगरात हे मजले एका दृष्टिक्षेपात दिसतात. इथेच एसएनडीटी महिला विद्यापीठाचे परिसर आहे, महर्षी कर्व्यांनी 1916 साली लावलेल्या रोपट्याचा विस्तार. तिथे गृहविज्ञान महाविद्यालयात मानवी विकास हा विषय पदव्युत्तर पातळीपर्यंत शिकवला जातो. इथेच भरमसाट शुल्काच्या खासगी नर्सरी आहेत. आणि इथेच नेहरूनगरसारख्या दाट वस्त्या आहेत, जिथल्या बाया सकाळी त्या नर्सरीत 'मावशी' म्हणून मुलांचे डबे उघडतात, नाके पुसतात, रडणाऱ्याला कडेवर घेतात. बालमानसाचे जे ज्ञान विद्यापीठात पदवी ठरते, ते या मावशीच्या हाताशी अनुभवाने आलेले असते. पण तिला ते कुणी शिकवीत नाही, तपासत नाही, त्याचे प्रमाणपत्र देत नाही. एका उपनगरात ज्ञान आहे, गरज आहे आणि कष्टही आहेत. त्यांना जोडणारा जिना तेवढा नाही.

कागदावर काही पायऱ्या आल्या आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीसाठी एक वर्षाची पदविका सुचवली. मे 2023 मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांच्या अनुभवानंतर, अन्य अटी पूर्ण होत असल्यास, सेविकांच्या निम्म्या रिक्त जागा मदतनिसांतून आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा सेविकांतून भरायच्या आहेत. या गोष्टींचे आम्ही स्वागत करतो. मात्र काही दिवसांच्या शिबिराने शिक्षिका घडत नाही. आणि पदविका मिळवूनही मानधनात फरक पडणार नसेल, तर ती ताईच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे ठरते. पोषण आहार, गृहभेटी, वजनांच्या नोंदी, मोबाइलवरची माहिती, वरून सर्वेक्षणे, हे सारे उरकून रात्री दिवा लावून अभ्यास करणाऱ्या बाईला त्या अभ्यासाच्या शेवटी दार दिसले पाहिजे, भिंत नव्हे.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, तिजोरीवर भार पडेल. भार पडेलच, जोतीरावांच्या काळीही हेच सांगितले जात होते. वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर पैसा उधळून बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाच्या वेळी हात आखडता घेणाऱ्या सरकारला त्यांनी तेव्हाच जाब विचारला होता. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : केवळ ज्येष्ठतेवर बढती दिली तर दर्जा घसरेल. हे आम्हालाही मान्य आहे. म्हणूनच आम्ही सरसकट बढती मागत नाही. शिकण्याची संधी सर्वांना, परीक्षा प्रामाणिक आणि शिकलेलीला तिचे फळ, एवढेच आमचे मागणे आहे.

ते नेमके सांगायचे तर असे. प्रशिक्षणाचा काळ कामाचा काळ धरावा, शुल्क शासनाने भरावे आणि अभ्यास शुद्ध, सोप्या मराठीत असावा. प्रमाणपत्र, पदविका, पदवी या प्रत्येक टप्प्याला मानधनात कायमची वाढ जोडावी. अनुभवी ताईचे हस्तगत कौशल्य तपासून त्याला अभ्यासक्रमात सूट द्यावी. प्रोत्साहन भत्ता यंत्रात भरलेल्या आकड्यांवर न बेतता, मुलांसोबतच्या प्रत्यक्ष कामावर ठरवावा. खासगी नर्सरीतल्या मावशीलाही याच जिन्यावर पाय ठेवता यावा. आणि पर्यवेक्षिकेच्या निम्म्या जागांचा नियम दर वर्षी किती पाळला गेला, हे प्रत्येक प्रकल्पाने जाहीर करावे.

हे शासनाने करावयाचे. पण सारे शासनावर सोडून मोकळे होणे आंबेडकरी माणसाला शोभत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज वकील आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या घरी आई, आत्या, वहिनी अंगणवाडीत काम करीत आली आहे. सुट्टीच्या दिवशी आपल्या विहारात एक अभ्यासवर्ग चालवता येईल, जिथे दहावी अर्धवट राहिलेली मदतनीस पुन्हा पुस्तक हाती घेईल. मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरायला, शुल्क भरायला, उपदानाचा दावा लिहायला चार जाणती माणसे पुढे येऊ शकतील. सावित्रीबाईंनी शाळा उघडण्याआधी स्वतः अध्यापनाचे शिक्षण घेतले होते. त्यांच्या जयंतीला हार घालताना वस्तीतल्या एका तरी ताईच्या शिक्षणाचा खर्च उचलावा, याहून मोठे अभिवादन नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलाला अंगणवाडीतून आणताना ताईला 'आज काय खायला दिले' एवढेच विचारू नका. 'आज काय शिकवले' हेही विचारा. ज्या दिवशी वस्ती तिला शिक्षिका मानू लागेल, त्या दिवशी शासनालाही तिला शिक्षिका म्हणावे लागेल. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा मंत्र आपण मुलांना देतो. जी बाई त्या मुलांच्या शिक्षणाची पहिली अक्षरे गिरवून घेते, तिच्याही वाट्याला त्यातले पहिले पद आले पाहिजे.