अग्निरोहिणी, प्लेग आणि आपली जबाबदारी

प्लेगचा विषय निघाला की आपल्या वैद्यवर्तुळात चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. कोणीतरी सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील क्षुद्ररोगाध्यायाचा आधार घेतो, अग्निरोहिणीची लक्षणे सांगतो, आणि 'हे आपल्याकडे पूर्वीच सांगून ठेवले आहे' या समाधानात चर्चा संपते. विद्यार्थिदशेत आम्हीही उत्तरपत्रिकेत असेच लिहिले व त्याचे गुणही घेतले. आज मात्र हे समीकरण आम्हांस अपुरे वाटते. इतकेच नव्हे, तर त्यावर विसंबणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

मूळ वर्णन शांतपणे पाहावे. कक्षाभागी मांस विदीर्ण करणारे स्फोट, अंतर्दाह, ज्वर, प्रदीप्त अग्नीसारखे स्वरूप, सान्निपातिक संप्राप्ती, आणि सात, बारा किंवा पंधरा दिवसांत मृत्यू, व्याधी असाध्य. प्लेगमध्ये गाठ कक्षेतही येते, मानेतही येते, परंतु बहुधा ती वंक्षणात येते, कारण पिसू प्रायः पायांना चावते आणि तेथून जंतू जवळच्या लसीकाग्रंथीत जातात. शिवाय सुश्रुताचार्यांनी ग्रंथीचे विवेचन स्वतंत्र अध्यायात केले आहे. येथे शब्द 'स्फोट' असा आहे. घरात उंदीर मरून पडणे, एकामागून एक माणसे आजारी पडणे यांचा येथे निर्देशच नाही. कल्पस्थानातील मूषिककल्पात अठरा प्रकारचे उंदीर आणि त्यांच्या विषाने होणारे ग्रंथी, शोथ, ज्वर आढळतात हे खरे. पण ते विष उंदराच्या शुक्राने, दंताने, नखाने येते. पिसू तेथे नाही.

पिसवेचे महत्त्व कळण्यास १८९८ साल उजाडावे लागले. येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे जंतू शोधला होता; तो उंदरापासून माणसाकडे कसा येतो हे सीमाँ यांनी कराचीत दाखविले. जंतूंची वाढ होऊन पिसवेच्या अन्नमार्गाचे तोंड बुजते. तिला रक्त पोटात घेता येत नाही, म्हणून ती भुकेने पुनःपुन्हा दंश करते आणि प्रत्येक दंशात जंतू उलटून टाकते. यजमान उंदीर मेला की ती दुसरे उष्ण शरीर शोधते. साथीच्या भागात आधी पिसवांचा व मगच उंदरांचा नाश करावा, हा नियम यातूनच निघतो. उत्साहाच्या भरात उंदरांना प्रथम विष घालणारा मनुष्य पिसवांना आपल्या घरात आमंत्रण देत असतो.

आता मुख्य मुद्दा. प्लेग म्हणजेच अग्निरोहिणी असा आग्रह धरणाऱ्यांनी तिची साध्यासाध्यताही स्वीकारावयास हवी. शास्त्राने ज्यास असाध्य म्हटले, त्या रुग्णास आपण कोणत्या बळावर काढा देऊन 'तीन दिवसांनी या' असे सांगणार? उपचाराविना ग्रंथिक प्लेगमध्ये शंभरांतील तीस ते साठ रुग्ण दगावतात, आणि फुप्फुसगत प्लेगमध्ये जवळजवळ सर्वच. हाच व्याधी आज जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या औषधांनी, वेळेत दिल्यास, बहुतांशी साध्य झाला आहे. (पेनिसिलिन येथे उपयोगी पडत नाही, हेही लक्षात असावे.) असाध्य व्याधी साध्य झाला, मात्र तो दुसऱ्या शास्त्राच्या हातून, हे मान्य करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. कोणत्या वैद्यास कोणते औषध लिहिण्याचा अधिकार आहे हा वाद निराळा. तो येथे नको. येथे प्रश्न काही तासांचा आहे.

ते तास कोठे जातात? आपल्याच चिकित्सालयात. खेड्यातील वा वस्तीतील ज्वराचा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याकडे येतो. जांघेतील गाठ पाहून पायाच्या जखमेची 'अवधाण' म्हणून लेप सांगणे ही नित्याची गोष्ट आहे आणि बहुतेक वेळा ती योग्यच असते. परंतु ज्वर थंडी वाजून एकाएकी आलेला, थकवा ज्वराच्या मानाने फार मोठा, गाठीस बोट लावू देत नाही, पाय आखडून धरलेला, आणि पायावर म्हणावी तशी जखम नाही, असा रुग्ण निराळा समजावा. अशा वेळी घरात, गोठ्यात, धान्याच्या कणगीजवळ उंदीर मेले काय, मागील आठवड्यात प्रवास कोठे झाला, हे विचारल्यावाचून रुग्णास उठू देऊ नये. संशय आल्यास गाठ चिरू नये, शेक-मर्दन करू नये. रुग्णास त्वरित शासकीय रुग्णालयात पाठवून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यास कळवावे. खोकला व रक्तमिश्रित कफ असेल तर रुग्णाच्या आणि स्वतःच्याही तोंडानाकावर आच्छादन हवे, कारण तेथे पिसवेची मध्यस्थी लागत नाही.

हा रोग इतिहासजमा झाला असे मानण्यास आधार नाही. मादागास्करमध्ये २०१७ साली दोन हजारांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले व दोनशेंवर मृत्यू झाले. आपल्या देशात २००२ साली शिमला जिल्ह्यात आणि २००४ साली उत्तरकाशी जिल्ह्यात तो उद्भवला. आणि १९९४ तर आपल्या घरचेच. ऑगस्टअखेर बीड जिल्ह्यातील मामला गावात ग्रंथिक रुग्ण दिसू लागले, सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसगत प्लेगने लोक मरू लागले आणि लाखो माणसे गाड्या भरून शहर सोडून गेली. देशात संशयित रुग्ण ८७६ व मृत्यू ५४ अशी नोंद झाली. हा प्लेगच होता काय, यावर विद्वानांत कित्येक वर्षे खल चालला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय परीक्षणाने जंतू तोच असल्याचे दाखविले. दरम्यान टेट्रासायक्लिनच्या गोळ्या निरोगी माणसांनी घरात साठविल्या.

औषधनिर्मात्या बंधूंनी येथे रागावू नये. साथीची वार्ता आली की 'प्रतिबंधक' काढ्यांची व चूर्णांची पाकिटे बाजारात येतात. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत प्लेग नावानिशी आहे. तो बरा करण्याची वा टाळण्याची जाहिरात हा गुन्हा आहे. कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी असे पाकीट घेणारा गृहस्थ निर्धास्त होऊन मेलेला उंदीर हाताने उचलतो, हे कसे विसरावे?

मग आपल्या शास्त्राने काय करावे? आमचा कल निदानस्थानाकडून विमानस्थानाकडे आहे. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात चरकाचार्य वायू, जल, देश, काल यांची विकृती सांगतात, आणि दूषित देशाच्या लक्षणांत क्लेदाधिक्यासह डास, माशा व मूषक यांची नावे घेतात. कल्याणकारक प्रदेशात जाऊन राहणे हेही तेथे हितकर म्हटले आहे. व्याधीस आपल्या यादीतील नाव चिकटविण्यापेक्षा हा देशविचार अधिक मोलाचा आहे आणि त्यास कोणाच्या अनुज्ञेची गरज नाही. त्याचा आरंभ आपल्याच कोठारापासून करता येईल. १८९६ साली मुंबईत प्लेग प्रथम दिसला तो मांडवीच्या गोदीलगतच्या, धान्याच्या वखारींनी भरलेल्या वस्तीत. आपल्या कित्येक फार्मसींत अश्वगंधा, शतावरी, गोखरू यांची गोणपाटे आजही जमिनीवर, भिंतीला टेकून, वर्ष वर्ष पडलेली असतात. मागल्या महिन्यात अशाच एका कोठारात आम्ही गेलो असता कोपऱ्यातील पोत्याखाली लेंड्यांचा थर होता. मालकांनी हसून 'मांजर पाळले आहे' असे सांगितले.