ड्रमला रंग लावा, पण कुठे ते पाहून!

मंडळी, गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत पुतण्याने मला सगळ्यांसमोर ऐकवलं, "काका, जुन्या गाडीच्या ब्रेक ड्रमला रंग लावणं म्हणजे गाडीचा अपमान आहे. कंपनीने लावला होता का?" पंगतीत वाद नको म्हणून मी जिलबी तोंडात टाकली आणि गप्प बसलो. पण मास्तर माणूस किती दिवस गप्प बसणार? म्हणून आज लिहायला बसलोय.

आमची गाडी १९७४ ची. मी घेतली तेव्हाच ती सेकंडहँड होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. त्याच वर्षी कंपनीने तिचं नाव 'पद्मिनी' ठेवलं, पण आमच्या घरी आजही ती 'फियाट'च. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा सौ.ने टीव्हीसमोर चक्क डोळे पुसले. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पुरी झालेली गाडी विंटेज ठरू शकते. म्हणजे वयाच्या हिशेबाने आमची म्हातारी त्या मानाला पोचली!

तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम म्हणजे बिडाचं जाड भांडं. ते चाकाबरोबर फिरतं आणि ब्रेक दाबला की आतल्या लायनरच्या पट्ट्या त्याला घासतात. आता बीड आणि आमचं मासवण! सूर्या नदी उशाशी, चार महिने धो धो पाऊस, आणि समुद्राकडचा दमट वारा घाट ओलांडून येतोच. रात्री गाडी ओली उभी केली तर सकाळी ड्रमवर तांबूस थर दिसतो.

आतल्या बाजूचा थर दोन-तीनदा ब्रेक दाबला की घासून जातो. बाहेरचा मात्र जात नाही, तो वाढत राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्याचे पापुद्रे सुटतात आणि ड्रम हबवर असा घट्ट बसतो की काढायला घणाचे घाव घालावे लागतात. बिडावर घण म्हणजे तडा जायची भीती. "ओरिजिनल, ओरिजिनल" करणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. कंपनीने ड्रम उघडा सोडला, तेव्हा ही गाडी पन्नास वर्षं चालेल असं तिच्या स्वप्नात तरी आलं होतं का? गंजाला ओरिजिनल म्हणून मिरवायचं असेल, तर दात पडलेल्या म्हाताऱ्याला कवळीही नको म्हणा!

दुसरा आक्षेप असा, की रंगामुळे उष्णता आत कोंडते. थापून लावलेल्या रंगाबद्दल हे खरं आहे, पातळ हाताबद्दल नाही. ड्रम मुख्यतः वाऱ्याने थंड होतो, आणि काळा पृष्ठभाग तर चकचकीत धातूपेक्षा उष्णता जास्तच बाहेर टाकतो. उलट पापुद्र्यांचा जाड गंजच आड येतो. त्याच्यावर कुणी आक्षेप घेत नाही.

पण मंडळी, माझं खरं भांडण पुतण्याशी नाहीच. ते रंग लावणाऱ्यांशी आहे.

काही वर्षांपूर्वी मी ड्रम रंगवायला एका गॅरेजमध्ये गाडी दिली. गॅरेजवाला म्हणाला, "गुरुजी, एकदम नवी करून देतो." खरंच दिली! ड्रम चांदीसारखे लखलखत होते. दुसऱ्या दिवशी सौ.ला डोळे तपासायला पालघरला नेत होतो. वाघोबा घाट उतरताना गाडी डावीकडे ओढायला लागली. पुढच्या वळणावर खडखड सुरू झाली आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. कशीबशी कडेला घेतली. उतरून बघतो तर पुढचं चाक सैल! सौ. एक शब्द बोलली नाही. दगडावर बसून राहिली. ते तिचं गप्प बसणं मला आजही आठवतं.

झालं होतं असं, की चाक ड्रमच्या ज्या तोंडावर टेकतं, तिथेही त्याने जाड रंग मारला होता. धावताना तो रंग दबला आणि आवळलेलं चाक ढिलं पडलं. ड्रम उघडला तर आत, लायनर घासतो त्या जागीसुद्धा चांदी! गाडी एका बाजूला का ओढत होती ते तेव्हा कळलं.

शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही भिंतींना चुना मारायचो आणि गळकं कौल तसंच ठेवायचो. साहेब खूश, पोरं भिजलेली. जुन्या गाड्यांच्या हौसेत आज तेच चाललंय. बघणाऱ्यासाठी रंग, आणि आत बसणाऱ्याचं काय ते देव जाणे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. रंग लावाच, पण फक्त बाहेरून. आधी तारेच्या ब्रशने गंज काढा, तेलकटपणा थिनरने पुसा. रंग उष्णता सोसणाराच घ्या. घाटात ड्रम दोनशे अंशांच्या पुढे सहज जातो, तिथे साधा ऑइलपेंट करपतो. दोन पातळ हात पुरेत. लायनर घासतो ती आतली बाजू, चाक टेकतं ते तोंड आणि हबवरची बसणी, या तीन जागा कोऱ्याच राहू द्या. चाक बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळून बघा. आणि ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जातं. ओल्या फडक्याने पुसा.

आतल्या बाजूला रंगाचा उपयोग नाही. तिथला एकच उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढणं. महिनोन्महिने उभी राहिली की लायनर ड्रमला चिकटतात.

यंदा पावसाळ्याआधी मी आणि नातवाने मिळून चारही ड्रम रंगवले, काळे. अजिबात लखलखत नाहीत. रविवारी सौ. पुढच्या सीटवर बसली, आपणहून. घाट उतरलो. ती काही बोलली नाही, पण या वेळी तिने दाराची कडी धरली नव्हती.

पुतण्याला हा लेख वाचायला सांगा. जिलबी माझ्याकडून!