यात्रा थांबली, कलावंत कोठे गेला?

नांदेड/लातूर : २५ मार्च २०२० हा गुढीपाडव्याचा दिवस होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. मराठवाड्यातील लोककलावंतांसाठी हा योग क्रूर ठरला. चैत्र-वैशाख हे गावोगावच्या यात्रांचे, म्हणजेच वर्षाच्या कमाईचे महिने. तमाशाच्या फडांवर कोसळलेल्या संकटाची पुढे चर्चा झाली, फडमालकांनी सरकारकडे दादही मागितली. मात्र याच यात्रांमध्ये, फडाच्या कडेला किंवा देवीच्या पायरीशी उभा असलेला एक कलावंत या चर्चेत कोठेच नव्हता. साडी नेसून नाचणारा पुरुष, आराधी मेळ्यात गाणारा जोगता, लग्नघरी ढोलकीवर बधाई गाणारे तृतीयपंथीय, यांची मोजदाद कोणी केली नाही. टाळेबंदीने त्यांचे काम हिरावले हे तर खरेच. परंतु त्याआधीही त्यांना कलावंत म्हणून कोणी मोजले नव्हते, हे त्या दोन वर्षांत उघड झाले.

चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत

नांदेड आणि लातूरचे सांस्कृतिक वेळापत्रक आजही यात्रांवर चालते. माहूरच्या रेणुकामातेची चैत्र पौर्णिमा आणि शारदीय नवरात्र, लातूरला महाशिवरात्रीची सिद्धेश्वर-रत्नेश्वराची यात्रा, लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात भरणारी खंडोबाची यात्रा. माळेगावची ओळख जनावरांच्या बाजाराइतकीच तिथल्या तमाशाच्या तंबूंची आणि लावणी महोत्सवाची आहे.

२०२० मध्ये चैत्र पौर्णिमा ८ एप्रिलला आली, तेव्हा मंदिरांचे दरवाजे बंद होते. १७ ऑक्टोबरला घटस्थापना झाली तीही बंद दाराआड. राज्यातील मंदिरे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी. माळेगावचा जानेवारी २०२१ चा हंगामही कोरोनाने गिळला. लग्नांवर ५० माणसांची मर्यादा आल्याने बधाईचे गाणे बंद पडले. प्रवासी रेल्वे थांबल्याने अडीअडचणीला उपयोगी पडणारी डब्यांतील मिळकतही गेली. एका हंगामाचा तोटा पुढच्या हंगामात भरून काढण्याची सोय या कलावंतांना नसते. फडमालकाला निदान उचल मिळते. एकट्याने नाचणाऱ्याला तीही मिळत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. तमाशातील नाच्या, देवीला सोडलेला जोगता आणि तृतीयपंथीय ही एकाच गोष्टीची तीन नावे नव्हेत. नाच्याची भूमिका करणारे अनेक जण संसारी पुरुष होते आणि आहेत. पण ज्यांचे मन वा शरीर समाजाने आखलेल्या चौकटीत बसत नव्हते, त्यांना या भूमिकांचा आडोसा मिळाला, हेही तितकेच खरे. देवीच्या नावाने साडी नेसलेल्याला गाव नमस्कार करते. तोच माणूस साध्या दिवशी बाजारात दिसला, तर टिंगल करते. ‘जोगवा’ (२००९) आणि ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटांनी ही दुटप्पी नजर शहरी प्रेक्षकांपुढे मांडली. यात्रा बंद झाल्या तेव्हा कमाईबरोबर हा वर्षाकाठी काही दिवसांचा मानही गेला आणि टिंगल तेवढी उरली.

संस्थानी काळाची सावली

या उपेक्षेला इतिहास आहे. नांदेड आणि आजच्या लातूर जिल्ह्याचा बराचसा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाने १३२९ फसली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवणारा कायदा केला. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेशात रस्त्यावर दिसली, तिने सार्वजनिक जागी नाच-गाणे केले किंवा करमणुकीच्या कार्यक्रमात भाग घेतला, तर तिला वॉरंटशिवाय अटक करण्याची तरतूद त्यात होती. संस्थान गेले, भाषावार राज्ये आली, मराठवाडा महाराष्ट्रात आला. पण तेलंगणात हा कायदा पुस्तकात राहिला. तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तो जुलै २०२३ मध्ये.

या कायद्याची दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या माणसाचे नाचणे हाच गुन्हा, त्याचे नाव सरकारी वहीत आले ते संशयित म्हणून. कलावंत म्हणून त्याची वही कधी उघडलीच नाही. टाळेबंदीच्या सुरुवातीला हैदराबादेत तृतीयपंथीयांशी बोलल्यास कोरोना होतो अशी भित्तिपत्रके लागली होती. शंभर वर्षांनंतरही संशयाची सवय गेली नव्हती, याचा हा पुरावा.

पडदा उघडला, पण कोणासाठी?

टाळेबंदीच्या काळात कला मोबाइलच्या पडद्यावर आली, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. मुंबईत २०१० पासून भरणारा ‘कशिश’ हा एलजीबीटीक्यू चित्रपट महोत्सव जुलै २०२० मध्ये प्रथमच ऑनलाइन झाला. एरवी ज्याला मुंबईचे तिकीट आणि घरी सांगायला कारण, दोन्ही लागले असते, असा लातूरचा तरुण घरात बसून तो पाहू शकत होता. कवितावाचने, चित्रे, लघुपट यांना अंतराची अट उरली नाही. पुण्या-मुंबईतील संस्थांच्या बैठकांना मराठवाड्यातून हजेरी लावणे शक्य झाले.

परंतु घर हीच अनेकांची अडचण होती. नांदेड आणि लातूर ही शिकवणी वर्गांची शहरे. येथून बाहेर गेलेली मुलेही त्या वर्षी परत आली. वसतिगृहात किंवा पुण्यातील भाड्याच्या खोलीत जे मोकळेपण मिळाले होते, ते दोन खोल्यांच्या घरात संपले. कविता लिहायला कागद पुरतो. ती कॅमेऱ्यासमोर म्हणायला दार बंद होणारी खोली लागते. समलैंगिकता हा गुन्हा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला होता. त्या खटल्यात ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते नवतेज सिंग जोहर स्वतः भरतनाट्यम नर्तक. पण न्यायालयाचा निर्णय घराच्या उंबऱ्याच्या आत पोहोचायला वेळ लागतो.

ज्यांना इंग्रजी येत नव्हते, महोत्सवांची दारे माहीत नव्हती, त्यांचा रंगमंच होता टिकटॉक. देशात सुमारे २० कोटी लोक ते वापरत. साडी नेसून लावणीवर ठेका धरणारी गावाकडची मुले तेथे बिनदिक्कत दिसत. त्यांना दाद मिळे, तशा शिव्याही मिळत. मे २०२० मधील यूट्यूब विरुद्ध टिकटॉक वादात बायकी समजल्या जाणाऱ्या मुलांची यथेच्छ टवाळी झाली. २९ जून २०२० रोजी केंद्राने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती. तिचा परिणाम मात्र असा, की मार्चमध्ये यात्रेचा मांडव गेलेल्या कलावंताचा हातातला मांडवही जूनमध्ये गेला. इतर अ‍ॅप आली, पण जमवलेला प्रेक्षक नव्या ठिकाणी आपोआप येत नाही.

मदतीच्या दोन खिडक्या

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने टाळेबंदीत तृतीयपंथीयांना १५०० रुपयांची एकरकमी मदत दिली. राज्याने २०२० मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी कल्याण मंडळाची स्थापना केली. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी सांस्कृतिक कार्य खाते लातूरचेच आमदार अमित देशमुख यांच्याकडे होते.

अडचण अशी, की या दोन वेगवेगळ्या खिडक्या होत्या. एका खिडकीला अर्जदार तृतीयपंथीय असल्याचे दाखवायचे होते, दुसरीला कलावंत असल्याचे. केंद्राची मदत बँक खात्यात जमा होणार होती आणि देशभरात ती काही हजारांपर्यंतच पोहोचली. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात एकट्या महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद आहे, हे पाहता ही संख्या तोकडी ठरते. कलावंतांच्या योजनांना रहिवासाचा, उत्पन्नाचा आणि कामाचा पुरावा लागतो. घर सोडलेल्याचे नाव शिधापत्रिकेवरून कधीच कमी झालेले असते. आधार कार्डावरील नाव एक आणि ज्या नावाने लोक ओळखतात ते दुसरे. कार्यक्रमाचे प्रमाणपत्र किंवा वर्तमानपत्रातील कात्रण मागितले, तर देवीच्या दारी गाणाऱ्याने ते आणायचे कोठून?

ओळखपत्राचा मार्ग याच काळात निघाला, हे मान्य करावे लागेल. २०१९ चा तृतीयपंथीय व्यक्ती हक्क संरक्षण कायदा जानेवारी २०२० मध्ये अमलात आला आणि सप्टेंबरमधील नियमांनी प्रमाणपत्राचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले. मात्र ते लिंगओळखीचे प्रमाणपत्र होते. त्याने कलावंतपण सिद्ध होत नाही.

शेजारच्या राज्याचा धडा

याच महासाथीच्या काळात शेजारच्या कर्नाटकात वेगळे चित्र दिसले. बळ्ळारी भागातील मंजम्मा जोगती या पारलिंगी लोककलावंत जोगती नृत्यासाठी ओळखल्या जातात. कर्नाटकने २०१९ मध्ये त्यांना आपल्या जानपद अकादमीचे अध्यक्षपद दिले. जानेवारी २०२१ मध्ये त्यांची पद्मश्री जाहीर झाली आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांनी ती स्वीकारली. सौंदत्तीची यल्लम्मा आणि माहूरची रेणुका ही एकाच देवीची रूपे मानली जातात. परशुरामाची कथा दोन्हीकडे आहे. परंपरा नात्यातली, दैवत एक. फरक आहे तो व्यवस्थेच्या नजरेत. कर्नाटकने मंजम्मांकडे कलावंत म्हणून पाहिले आणि अकादमीचा कारभार त्यांच्या हाती दिला.

महाराष्ट्रातही दिशा पिंकी शेख यांच्या कवितेने आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाने मराठी साहित्यात जागा मिळवली आहे. पुस्तकाला प्रकाशक मिळतो, म्हणून त्याची नोंद होते. यात्रेतील कलेची नोंद तंबू उठला की संपते.

उपाय अवघड नाहीत. माळेगावच्या यात्रेत कोण गायले, कोण नाचले याची यादी ठेवणे आणि त्या आधारे दाखला देणे हे जिल्हा परिषदेच्या आवाक्यातील काम आहे. वृद्ध कलावंतांच्या मानधनाची रक्कम २०२४ मध्ये ५ हजार रुपये करण्यात आली. त्यासाठी निवड करणाऱ्या जिल्हा समित्यांवर तृतीयपंथीय कलावंतांचा एक प्रतिनिधी घेता येईल. आराधी मेळा, मंडळ किंवा गुरूने दिलेली साक्ष कामाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईल.

यात्रा पुन्हा भरू लागल्या आहेत, ढोलकी वाजते आहे. पुढचे संकट साथीचे असेल, दुष्काळाचे असेल किंवा पुराचे. मराठवाड्याला त्यांपैकी कोणतेच अनोळखी नाही. त्या दिवशी मदतीची यादी करायला बसलेल्या कारकुनाच्या हाती या कलावंताचे नाव असेल की नाही, हे यात्रा सुरू असतानाच ठरायला हवे.