उल्हास नदीतला गाळ उपसायचा, तर पाण्यावर तरंगणारी पाइपलाइन का लागते? शहाडच्या निमित्ताने समजून घ्या

शहाडच्या पुलावरून उन्हाळ्यात खाली पाहिलं की नदी दिसत नाही, जलपर्णीचं हिरवं मैदान दिसतं. मग सोशल मीडियावर एकच मागणी फिरू लागते : गाळ काढा, ड्रेजर आणा.

मागणी रास्त आहे. पण ड्रेजर आणणं म्हणजे नेमकं काय, आणि शहाडला ते इतर ठिकाणांपेक्षा नाजूक का?

शहाडचं वेगळेपण काय?

लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास कर्जत, बदलापूर करत शहाड-मोहने परिसरात येते. शहाडला 'स्टेम' प्राधिकरण नदीतून पाणी उचलतं. ते टेमघरला शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला जातं. कल्याण-डोंबिवलीचं पाणीही मुख्यतः याच नदीतून येतं.

याच पट्ट्यात उल्हासनगरच्या खेमाणी नाल्याचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजला. नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण 'वनशक्ती' संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं. म्हणजे तळाचा गाळ ही नुसती माती नाही. सांडपाणी आणि कारखान्यांतून आलेलं बरंच काही त्यात बसलेलं असू शकतं.

पोकलेन का चालत नाही?

22 जुलै 2021च्या महापुरानंतर चिपळूणला वाशिष्ठीतला गाळ पोकलेन आणि डंपरने काढला गेला. तिथे पात्रात गाळाची बेटं होती, यंत्र उभं राहू शकत होतं. बंधाऱ्यामागे बारा महिने पाणी तुंबलेलं असेल, तर पोकलेन उभा कुठे करणार?

अशा जागी कटर सक्शन ड्रेजर वापरतात. तराफ्यावरचं यंत्र तळाचा गाळ फिरत्या पात्यांनी मोकळा करतं, पंप तो पाण्यासकट ओढतो आणि पाइपातून काठावर ढकलतो. ड्रेजर सतत सरकत असतो, म्हणून पाइपही त्याच्यामागे सरकायला हवा. त्यासाठीच तो तरंगता ठेवतात.

ही पाइपलाइन बसवतात कशी?

जोडणी काठावर होते. प्लास्टिकचे जाड पाइप वितळवून किंवा फ्लँज-बोल्टने जोडतात. ठरावीक अंतरावर पाइपाभोवती दोन अर्धगोल फ्लोट आवळतात. मग बोटीने ओढून ही माळ पाण्यात नेतात. ड्रेजरजवळ रबरी होज लावतात आणि मधे मुद्दाम ढिला बाक ठेवतात. लाइन प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून नांगर टाकतात. आधी साधं पाणी सोडून गळती तपासतात, मगच गाळ.

फ्लोट का लागतात? 300 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एक मीटर पाइपात साधारण 70 लिटर मावतं. साधं पाणी असेल तर वजन 70 किलो, गाळमिश्रित असेल तर 85 किलोच्या आसपास. हा जादा भार फ्लोट उचलतात.

पंप बंद करण्याआधी लाइन साध्या पाण्याने धुवावी लागते. नाहीतर गाळ आत बसतो आणि पाइप तुंबतो.

खरा प्रश्न काठावर सुरू होतो

याच पाइपातून मिश्रण सेकंदाला 4 मीटर वेगाने गेलं, तर तासाला सुमारे 10 लाख लिटर बाहेर पडेल. त्यात गाळ 15 टक्के धरला, तर उरलेलं साडेआठ लाख लिटर गढूळ पाणी असेल. दर तासाला.

हे पाणी कुठे जाणार? निवळण्यासाठी तळी किंवा जिओ-ट्यूबच्या पिशव्या नसतील, तर परत नदीतच. म्हणजे ठाण्याच्या नळाचं पाणी जिथून उचललं जातं, तिथेच. म्हणून गाळाची प्रयोगशाळेत तपासणी, तो टाकण्याची जागा आणि पाणी निवळण्याची सोय या गोष्टी ड्रेजर येण्याआधी ठरायला हव्यात.

जलपर्णीही आधी काढावी लागेल. ती पंपाच्या तोंडाशी अडकते आणि तरंगत्या पाइपाला अडून साचत जाते. पावसाळ्यात तर अशी लाइन पात्रात ठेवणं धोक्याचंच. पुराबरोबर आलेली झाडं-झुडपं तिला अडली, की लाइन तुटते.

पूर थांबेल का?

27 जुलै 2019ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हापासून 'गाळ काढला असता तर' हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं. पण बंधाऱ्याच्या वरचा गाळ काढला तर मुख्यतः पाणीसाठा वाढतो. बंधाऱ्याची उंची तीच राहते, त्यामुळे पुराची पातळी फारशी उतरत नाही. खाली कल्याणच्या खाडीत भरती असेल तर पाणी आणखी हळू ओसरतं. पूररेषेतली बांधकामं हा वेगळाच विषय.

एकच यंत्र, दोन धंदे

कल्याण-डोंबिवलीच्या खाडीत महसूल विभाग ज्या बार्ज आणि सक्शन पंपांवर कारवाई करतो, त्यांचं तंत्र जवळपास हेच आहे. तिथे वाळू चोरली जाते, इथे गाळ निघायला हवा. फरक यंत्रात नाही, परवानगीत आणि मोजमापात आहे. गाळाच्या नावाखाली वाळू उपसली, तर काठ खचतात आणि पुलांच्या पायालाही धोका पोहोचतो.

मोजमाप किती महत्त्वाचं, ते मुंबईत दिसलं. मिठी नदीच्या गाळउपशात सुमारे 65 कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून मे 2025मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला. डंपरच्या फेऱ्या कागदावर वाढवता येतात. कामाआधी आणि नंतर नदीच्या तळाची खोली मोजून नकाशे जाहीर केले, तर लपवाछपवी अवघड होते.

तेव्हा पुढच्या वेळी 'ड्रेजर आणा'ची पोस्ट शेअर करताना चार प्रश्न जोडा. गाळात काय आहे? तो टाकणार कुठे? गढूळ पाणी निवळणार कसं? आणि किती निघाला, हे मोजणार कोण?