वाण पुरे, आता शिवार सांगा

नाशिकच्या वाइनची चर्चा निघाली की पहिला प्रश्न वाणाचा येतो. शिराझ सरस की कॅबर्ने, शेनिन ब्लांकचे दिवस सरले का, आता पुढचे वाण कोणते? २००० साली सुलाची पहिली बाटली बाजारात आली तेव्हा सॉव्हिन्यों आणि शेनिन ही नावेच इथे नवी होती. पुढे यादी लांबत गेली. निफाड तालुक्यात रेव्हेलोने इटलीचे नेरो दाव्होला आणि ग्रिलो लावले, दिंडोरी तालुक्यात चारोसाने स्पेनचे टेम्प्रानिलो आणले, इगतपुरीकडे व्हॅलोनेने मालबेकची स्वतंत्र बाटली काढली. अशा प्रत्येक पदार्पणाची बातमी होते. पण ते वाण कोणत्या शिवारात, कसल्या मातीत लावले आणि तिथेच का लावले, हे त्या बातमीत सहसा सापडत नाही. नाशिकच्या वाइनला पुढे जायचे असेल तर वाणांची यादी वाढवण्याआधी आपली शिवारे ओळखायला हवीत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हा धडा मालबेकच्या इतिहासात जितका स्वच्छ वाचता येतो तितका इतर कुठल्याही वाणाच्या इतिहासात येत नाही.

मालबेक मूळचे नैर्ऋत्य फ्रान्सचे. काओर हे त्याचे जुने घर. बोर्दोतही ते भरपूर होते, पण फुलोऱ्यात गळ होणे आणि कडाक्याची थंडी न सोसणे हे त्याचे दोन दोष तिथे आडवे आले. १९५६च्या हिमबाधेत बोर्दोतल्या मालबेकच्या बागा मोठ्या प्रमाणावर गेल्या आणि बहुतेकांनी ते पुन्हा लावलेच नाही. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८५३च्या सुमारास, मिशेल एमे पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने ते अर्जेंटिनात नेले होते. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी मेंडोझा प्रांतात जेमतेम दोनशे मिलीमीटर पाऊस पडतो, बागा डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर जगतात आणि जमीन समुद्रसपाटीपासून नऊशे ते पंधराशे मीटर उंचीवर आहे. बोर्दोने टाकलेले वाण तिथे देशाची ओळख बनले. काओरच्या मालबेकला गडद रंग आणि करकरीत तुरटपणा असतो, तर मेंडोझाचे मालबेक भरदार, मऊ आणि फळाच्या चवीचे. खुद्द काओरमध्येसुद्धा लॉट नदीकाठच्या गोटाळ पायऱ्यांवरचे मालबेक आणि वरच्या चुनखडी पठारावरचे मालबेक एकसारखे लागत नाही. वाण एकच, बदलली ती जागा.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, हा सगळा वाइनवाल्यांचा शब्दखेळ आहे. वाइन घडते ती वायनरीत. यीस्ट कोणते, ओकच्या पिंपात किती महिने ठेवली, यावर चव ठरते आणि फ्रेंच ज्याला तेरवार म्हणतात तो जागेचा गुण ही विक्रीची कहाणी आहे. या आक्षेपात तथ्य आहेच. महागड्या पिंपाचा वास दोन अगदी वेगळ्या बागांच्या वाइन सारख्या करून टाकू शकतो. म्हणूनच मेंडोझातल्या कातेना संस्थेच्या संशोधकांनी २०२१मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात मांडलेला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. त्यांनी २३ वेगवेगळ्या तुकड्यांतले मालबेक २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षे घेतले, सगळ्यांची वाइन एकाच पद्धतीने केली आणि २०१ वाइनची रासायनिक तपासणी केली. म्हणजे माणसाचा हात सगळीकडे सारखा ठेवला. तरीही कोणती वाइन कोणत्या वर्षाची हे रसायनांवरून अचूक ओळखता आले, आणि २३पैकी ११ तुकडे तर बिनचूक ओळखू आले. ही संस्था वाइन विकणाऱ्या घराण्याचीच आहे, त्यामुळे तिचा उत्साह थोडा सावधपणे घ्यावा. शिवाय प्रयोगशाळेत फरक दिसला म्हणजे तो प्रत्येकाच्या जिभेला कळेलच, असेही नाही. पण ‘जागेने काहीच फरक पडत नाही’ हे म्हणणे या आकड्यांपुढे टिकत नाही.

मग जागा नेमके करते काय? दगडाची चव द्राक्षात उतरते ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. भूवैज्ञानिक अॅलेक्स माल्टमन यांनी ती वारंवार खोडून काढली आहे. बोर्दोत जेरार सेगँ यांनी दाखवले की, नावाजलेल्या बागांच्या माती एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. त्यांच्यात समान आहे ते वेलीला पाणी बेताने आणि नियमित मिळणे. नाशिकला हा मुद्दा फार लागू पडतो, कारण ‘सगळा जिल्हा एकाच काळ्या बसाल्टवर बसला आहे, इथे कसला आलाय जागेचा फरक’ हे वाक्य इथे नेहमी ऐकू येते. खडक एक असला तरी त्याच्यावरची माती एक नाही. निफाडच्या गोदाकाठी तीन-चार फुटांचा खड्डा घ्या. तळापर्यंत काळी भारी जमीन लागते, ओली असताना बोटांना चिकटते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती पावसाचे पाणी महिनोन् महिने धरून ठेवते. दिंडोरीकडच्या एखाद्या टेकडीच्या उतारावर तसाच खड्डा घेतला तर हातभर तांबूस माती संपली की मुरूम लागतो आणि पाणी निघून जाते. भारी जमिनीतली वेल पालेदार होते, शेंडा वाढतच राहतो, घड सावलीत राहतात आणि मणी फुगतात. खाण्याच्या द्राक्षाला फुगलेला मणी हवाच असतो. लाल वाइनला मात्र लहान मणी लागतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. निर्यातीच्या द्राक्षाची उत्तम बाग ही वाइनचीही उत्तम बाग असेल, हे गृहीत धरणे इथेच चुकते.

पाण्याच्या जोडीला नाशिकची आणखी एक खासियत आहे आणि ती मेंडोझाच्या नेमकी उलट आहे. तिथे द्राक्ष पिकते ते उन्हाळा ओसरून शरद ऋतूकडे जाताना. दिवस निवत जातात, रात्री गार होतात आणि आम्ल टिकते. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी आणि मग साडेचार-पाच महिन्यांनी काढणी. फळ थंडीत वाढते आणि वाढत्या उन्हात पिकते. गोडी छाटणी सप्टेंबरच्या अखेरीस झाली तर मण्यात पाणी उतरताना जानेवारीची थंडी सापडते. तीच ऑक्टोबरच्या अखेरीवर गेली तर पिकण्याचे शेवटचे आठवडे मार्चमध्ये येतात, पारा पस्तिशीच्या पुढे असतो. अशा बागेत रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकला तर साखर चोवीस ब्रिक्स दाखवते, पण तोच मणी चिरला तर बी अजून हिरवट आणि साल कच्च्या तुरट चवीची. साखर पुढे पळाली, साल मागे राहिली. थांबावे तर आम्ल जळते, तोडावे तर वाइन कडवट होते. रंग आणि तुरटपणा या दोन्हींसाठी ज्याला ओळखले जाते त्या मालबेकला ही ओढाताण सर्वाधिक भोवणार.

आता छाटणीची तारीख कोण ठरवतो? वरवर पाहता शेतकरी, पण खरे पाहता शिवार. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आगेमागे, आणि पूर्वेला निफाडकडे त्याहूनही कमी. घाटमाथ्यालगत पाऊस रेंगाळला की छाटणी पुढे ढकलावी लागते. कोवळ्या फुटीवर पाऊस पडला तर डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच समजा. पूर्वेकडे लवकर छाटायला मोकळीक मिळते, पण तिथे निफाडची कडाक्याची थंडी आहे. पारा चार-पाच अंशांपर्यंत घसरतो आणि वाढ खुंटते. उलट इगतपुरीच्या बाजूला मुकणे-दारणा धरणांचा शेजार आणि डोंगराचा उतार उन्हाचा तडाखा थोडा सौम्य करतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात पन्नास-साठ किलोमीटरवर छाटणी, पक्वता आणि काढणी यांची तीन वेगळी गणिते आहेत. मेंडोझात जे काम उंची करते, ते नाशिकमध्ये पावसाची परतीची वाट आणि जमिनीची खोली करते. आपल्या बागा सहाशे-सातशे मीटरवर आहेत म्हणून खंत करण्याचे कारण नाही. आपला जागेचा गुण वेगळ्या खुंटीवर टांगलेला आहे, तो तिथे शोधला पाहिजे.

इथे जाणकार दुसरा आक्षेप घेतील. डॉगरिजचा खुंट, ठिबकचे पाणी, डोळे फुटावेत म्हणून काडीला लावलेले हायड्रोजन सायनामाइड, वर्षात दोन छाटण्या; एवढे सगळे माणसाने घडवल्यावर जागेला बोलायला उरतेच काय? पण मेंडोझाही कालव्यांशिवाय वाळवंटच आहे. शेती म्हटली की माणसाचा हात आलाच. प्रश्न एवढाच की, तो हात जागेचे ऐकतो की सगळ्या जागांना एकाच वेळापत्रकात बसवतो. उतारावरच्या मुरमाड तुकड्याला आणि नदीकाठच्या काळ्या रानाला एकाच तारखेला तेवढेच लिटर पाणी सोडले तर फरक पुसला जाणारच. तो पुसण्याचा दोष जागेकडे जात नाही.

तिसरा आक्षेप बाजाराचा. आपला ग्राहक अजून लाल की पांढरी एवढेच विचारतो, त्याला गावाचे नाव सांगून काय उपयोग? पण हाच ग्राहक आंब्याच्या पेटीसमोर उभा राहिला की देवगड की रत्नागिरी हे विचारल्याशिवाय पैसे काढत नाही. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८मध्ये एकत्रित भौगोलिक मानांकन मिळाले, तरी ही विचारणा थांबली नाही; कारण ती पिढ्यान् पिढ्या चाखून तयार झाली आहे. वाइनमध्येही सुरुवात झालेली आहे. सुलाच्या एका शिराझच्या बाटलीवर दिंडोरीचे नाव आहे, आणि ते खपायला कुणाला फ्रेंच यावे लागले नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’लाही २०१०च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र त्या एका नावाखाली इगतपुरीचा घाटमाथा आणि निफाडचे काळे रान दोन्ही येतात. नाव मिळाले, पण त्यातून चवीची खात्री मिळत नाही.

या सगळ्यात शेतकऱ्याचा संबंध काय, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००१च्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क आले, लागवड वाढली. २००८-०९च्या मंदीत मागणी आटली, वायनऱ्या अडचणीत आल्या आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा काढून खाण्याच्या द्राक्षाकडे परतणे पसंत केले. त्यांना दोष देता येणार नाही. करार किलोवर आणि ब्रिक्सवर होता. आपल्या तुकड्याच्या मालात काही वेगळे आहे, याचा एक रुपयाही भावात नव्हता. जे द्राक्ष शेजारच्या कुठल्याही शिवारातून तसेच मिळू शकते, त्याला भाव पाडणारा ग्राहक नेहमीच भेटतो. तुकड्याची ओळख पटली तरच मुरमाड उताराच्या कमी उत्पन्नाला जास्त भाव मागण्याचा आधार शेतकऱ्याला मिळेल. याची दुसरी बाजूही आहे: काही शिवारांचे मोल वाढले की काहींचे घटेल. पण ज्या काळ्या रानात लाल वाइन मुळातच साधत नाही, तिथल्या शेतकऱ्याला ते बाग लावण्याआधी कळणे हे पाच वर्षांनी बाग तोडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

दारूला उत्तेजन नको, असे म्हणणाऱ्यांचा विरोध मी हलका लेखत नाही. २०२२ साली सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवण्याच्या निर्णयावर अण्णा हजारे यांच्यापासून अनेकांनी घेतलेली हरकत अजून ताजी आहे. पण वाइन कुठे विकावी हा वाद आणि ज्या बागा आज उभ्या आहेत त्या योग्य जमिनीवर आहेत का हा प्रश्न, दोन्ही वेगळे आहेत. उलट शिवाराच्या नावावर चालणारा व्यवसाय कमी माल आणि जास्त मोल या दिशेने जातो. स्वस्त गोड वाइनचे ट्रक भरण्याच्या दिशेने जात नाही.

करायचे काय, ते फार अवघड नाही. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि वायनऱ्या यांनी मिळून दिंडोरी, निफाड, इगतपुरी आणि गंगापूर परिसरात निवडक तुकडे ठरवावेत. प्रत्येकात मातीचा खड्डा, तापमानाची नोंद आणि छाटणीची तारीख ठेवावी. त्या तुकड्यांतल्या एकाच वाणाची वाइन किमान तीन हंगाम वेगवेगळी, एकाच पद्धतीने, पिंपाशिवाय करावी. मालबेक यासाठी चांगले, कारण ते आपल्याकडे अजून थोडे आहे आणि त्यात कुणाची प्रतिष्ठा अडकलेली नाही. फरक सिद्ध झाले तर मानांकनाच्या आत उपविभाग मागावेत आणि करारात तुकड्याचा भाव लिहावा. सिद्ध झाले नाहीत तर ‘नाशिक व्हॅली’ या एका नावावर समाधान मानावे आणि बाटलीवर टेकडीची चित्रे छापणे थांबवावे. खर्चाचा वाटा सर्वांत आधी वायनऱ्यांनी उचलावा, कारण जागेच्या गुणाची भाषा बोलून आजवर माल विकला आहे तो त्यांनीच.