रोजच्या बॅचमध्ये जागा

गेल्या काही वर्षांत इलिनॉयमधल्या आपल्या मंडळातल्या नाशिककरांची मान दोनदा तरी अभिमानाने उंचावली असेल. 2022 साली नाशिकच्या स्वयं पाटीलला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. स्वयंला डाउन सिंड्रोम आहे आणि तो खुल्या समुद्रात पोहतो. मग ऑक्टोबर 2023 मध्ये सुरगाणा तालुक्यातल्या दिलीप गावितने हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 400 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. लहानपणी उजवा हात गमावलेल्या या मुलाचे ते पदक त्या स्पर्धेतले भारताचे शंभरावे ठरले. पुढच्याच वर्षी तो पॅरिस पॅरालिंपिकच्या अंतिम फेरीत धावला.

दोघांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. या अंकात मात्र आम्हाला लिहायचे आहे ते पदकाशी काही देणेघेणे नसलेल्यांबद्दल. उन्हाळ्याच्या सुट्टीत चुलत भावंडांबरोबर महापालिकेच्या जलतरण तलावात नुसते डुंबायचे आहे, असा मुलगा. कालिदास कलामंदिरात व्हीलचेअरवर बसून, घरच्यांच्या शेजारी नाटक बघायचे आहे, असे आजोबा. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला आईबरोबर येणारी, पण एक शब्दही ऐकू न येणारी मुलगी.

अपंग मुलाचा दिवस आपण उपचारांनी भरून टाकतो. फिजिओथेरपी झाली की स्पीच थेरपी, मग विशेष शाळा. खेळ आला तरी तो स्नायू सुधारतील म्हणून. नुसत्या मजेसाठी खेळावे, दमून घरी यावे, हे त्याच्या वाट्याला फार उशिरा येते, कित्येकदा येतच नाही. 3 डिसेंबरला अपंग दिनाचा कार्यक्रम होतो, चित्रकला स्पर्धा होते, बक्षिसे वाटली जातात. उरलेले वर्षभर ते मूल गॅलरीतून इतरांचा खेळ बघते.

खरे तर कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चे 29 वे कलम सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांचेच आहे. नृत्य, कलावर्ग, स्काउट, मैदानी शिबिरे, साहसी उपक्रम यांत इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून पावले उचलण्याची जबाबदारी त्यात सरकारबरोबर स्थानिक संस्थांवरही टाकली आहे. म्हणजे नाशिक महापालिकेवरही. सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात बजावले.

नाशिकमध्ये या कामाची पायाभरणी जुनी आहे. रजनीताई लिमये यांनी 1977 साली बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा सुरू केली. अंधांसाठी काम करणाऱ्या 'नॅब'च्या महाराष्ट्र शाखेचे मुख्यालयही नाशिकमध्येच आहे. ज्या काळात या मुलांना कुठेच दार उघडे नव्हते, त्या काळात अशा संस्थांनी ते उघडले. आता सार्वजनिक तलाव, उद्याने आणि नाट्यगृहांची पाळी आहे.

हे कसे जमते, याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. आपण राहतो त्या इलिनॉयमध्ये शेजारशेजारचे पार्क डिस्ट्रिक्ट (उद्याने आणि करमणुकीचे कार्यक्रम चालवणाऱ्या स्थानिक संस्था) एकत्र येऊन अपंगांसाठी स्पेशल रिक्रिएशन असोसिएशन चालवतात. अशी पहिली संस्था 1970 साली शिकागोच्या उत्तरेकडच्या उपनगरांत निघाली. मालमत्ता करातला एक छोटा हिस्सा या कामाला जातो. वेगळे कार्यक्रम या संस्था करतातच, पण आम्हाला मोलाचे वाटते ते दुसरेच. नेहमीच्या उन्हाळी शिबिराचा अर्ज भरताना पालकांनी मदत हवी असे कळवले, की संस्थेतून फोन येतो. मूल कशाने बिथरते, कशाने रमते, हे विचारून घेतात आणि गरज असेल तर त्याच गटात एक मदतनीस देतात. त्याची जादा फी नसते.

नाशिकला एवढा पैसा उभा करता येणार नाही, हे मान्य. पण तलावाच्या अर्जावर 'कोणती मदत हवी?' एवढा एक प्रश्न छापायला काय लागते? प्रशिक्षकाला आधी कल्पना दिली आणि कमी गर्दीच्या बॅचला एक जास्तीचा माणूस उभा केला, तर बरीच मुले पाण्यात उतरतील. नाट्यगृहात एखाद-दुसरी खुर्ची काढून व्हीलचेअरची जागा रांगेतच करता येते. व्याख्यानाला सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावता येतो. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी घाटांची कामे होत असताना पाण्यापर्यंत उतार आणि कठडे करून घेतले, तर मेळ्यानंतरही रोज कितीतरी लोक गोदाकाठी येऊन बसतील.

या वर्षीच्या गणेशोत्सवाच्या नोंदणी अर्जात आपण तोच प्रश्न घालत आहोत: तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला सहभागी होण्यासाठी कोणती मदत हवी आहे? ढोलांच्या आवाजाचा त्रास होणाऱ्यांसाठी एक शांत खोली राखून ठेवू. लेझीम बसूनही खेळता येईल, असा गट बसवू. ज्यांच्या घरात अपंग मूल आहे आणि जे कार्यक्रमांना येणे टाळतात, त्यांनी अर्ज जरूर भरावा. आणि हिवाळ्यात नाशिकला जाणाऱ्या सभासदांना विनंती, की आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना भेटा, जवळच्या तलावाच्या अर्जावर हा प्रश्न छापून घ्या.